पाइप संपतो तिथून पुढे

संभाजीनगरच्या गारखेड्यात कुणी ‘पाइपलाइन’ म्हणालं की ती पाण्याची, हे वेगळं सांगावं लागत नाही. जायकवाडीची मोठी लाइन कधी सुरू होणार, आपल्या गल्लीत नळ कितव्या दिवशी येणार, मधला एक दिवस चुकला तर पुढचा कधी, या विषयाला सूतगिरणी चौकातल्या टपऱ्यांवर मरण नाही. आपल्या महिन्याच्या खर्चाला जोडलेली आणखी एक पाइपलाइन आहे आणि ती आपल्यापुरती शहरापासून सव्वाशे किलोमीटर अलीकडेच थांबते, याची आठवण मात्र फारशी कुणाला होत नाही. मलाही नव्हती. ती झाली २ जानेवारी २०२४ च्या सकाळी, पेट्रोल पंपावरच्या रांगेत.

नव्या भारतीय न्याय संहितेत जीवघेणा अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली होती. तिच्या विरोधात देशभरातले ट्रक आणि टँकरचालक १ जानेवारीपासून गाड्या सोडून उतरले. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर निरोप फिरले आणि रात्रीत पंपांवर झुंबड उडाली. सकाळी मी स्कूटर घेऊन निघालो तेव्हा रांगेचं शेपूट पंपाच्या फाटकातून बाहेर पडून पुढच्या मेडिकल दुकानापर्यंत गेलं होतं. पुढे एक जण पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन उभा. पंपावरचा पोरगा त्याला सांगत होता, “भाऊ, बाटलीत नाही भेटणार. गाडी आणा.” तो म्हणाला, “गाडीत असतं तर गाडी आणली नसती का!” रांगेतले सगळे हसले आणि तेवढ्यात पोरग्याने नोझल जागेवर टांगलं. पेट्रोल संपलं होतं. पुढची गाडी कधी, असं विचारलं तर त्याने हात वर केले. पंपाच्या भाषेत ‘गाडी’ म्हणजे टँकर, आणि त्या दिवशी पानेवाडीहून एकही गाडी सुटली नव्हती. केंद्रीय गृह सचिव आणि वाहतूकदार संघटनेची त्या रात्री बोलणी झाली, संप मिटला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत रांगा ओसरल्या.

पानेवाडी हे मनमाडजवळचं, नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यातलं गाव. मुंबईच्या माहुलमध्ये भारत पेट्रोलियमची रिफायनरी आहे. मूळची बर्मा-शेलची, १९५५ साली सुरू झालेली आणि १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतलेली. तिथून निघालेली पाइपलाइन सह्याद्री चढून मनमाडला येते. मुंबई-मनमाड हा टप्पा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पुढे ती इंदूरजवळच्या मांगल्याला आणि थेट दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत जाते. इतर कंपन्यांचे डेपोही मनमाडच्याच परिसरात आहेत. त्यामुळे खानदेशाचा आणि मराठवाड्याचा बराचसा पेट्रोल-डिझेलचा पुरवठा या एका ठिकाणी येऊन पडतो आणि तिथून टँकरच्या चाकांवर चढतो. येवला, वैजापूर, मग आपण. त्या दिवशी मनमाडच्या टाक्यांत इंधन होतं. अडलं होतं ते पाइपाच्या तोंडापासून पंपाच्या टाकीपर्यंतच्या रस्त्यावर.

पाइप मुळात स्वस्त का पडतो, हे समजायला मोठं गणित लागत नाही. टँकर इंधन वाहतो तसा स्वतःचं लोखंड, टायर आणि चालकालाही वाहतो. माल उतरवून परत येताना तर तो फक्त स्वतःलाच वाहून आणतो. पाइप जागच्या जागी पडून असतो. हलतं ते फक्त तेल. पंपांनी जोर लावायचा तो आतल्या घर्षणावर मात करण्यासाठी आणि घाट चढवण्यासाठी. १८ इंच व्यासाचा पाइप धरला तर त्याच्या एका किलोमीटरच्या पोटात दीड लाखाहून जास्त लिटर मावतं, म्हणजे २० हजार लिटरचे सात-आठ टँकर. हे तेल माणसाच्या चालण्याच्या वेगाने सरकतं असं समजलं तरी मुंबईहून निघालेलं पेट्रोल दोनेक दिवसांत मनमाडला पोहोचतं. घाटात ट्रॅफिक जॅम नाही, टोल नाही, ढाब्यावरचा मुक्काम नाही.

याहून गमतीची गोष्ट ही की पेट्रोलला एक पाइप आणि डिझेलला दुसरा, असं नसतं. एकाच पाइपातून आधी डिझेल, मागे रॉकेल, त्याच्या मागे पेट्रोल, असे लोंढे एकामागोमाग सोडतात. मध्ये पडदा वगैरे काही नाही. दोन लोंढे जिथे एकमेकांना टेकतात तिथे थोडी सरमिसळ होते. तिला डेपोतली माणसं ‘इंटरफेस’ म्हणतात. पेट्रोल हलकं, लिटरमागे साधारण पाऊण किलो भरणारं. डिझेल त्याहून जड. पाइपातून येणाऱ्या तेलाची घनता बदलायला लागली की कळतं, पहिला माल संपत आला आणि दुसरा दाराशी आला. मधला मिसळलेला पट्टा वेगळ्या टाकीत वळवतात आणि पुढे चालण्याजोगा असेल तेवढा थोडा थोडा मुख्य मालात मिसळतात, नाहीतर पुन्हा शुद्ध करायला पाठवतात. पाइप आतून घासायला ‘पिग’ नावाचा एक दट्ट्या तेलासोबत सोडतात. त्याचाच शिकलेला भाऊ आतून जाता जाता पाइपाचा पत्रा कुठे झिजलाय, कुठे गंजलाय हेही नोंदवून आणतो.

पंपावर गाडी लागते तेव्हा हीच घनता पुन्हा कामाला येते. एकदा मला हे सगळं जवळून पाहायला मिळालं. चालकाने टँकरचं सील दाखवलं. पंपाच्या माणसाने खुणांची लांब पितळी पट्टी आत सोडली, बाहेर काढून ओल कुठवर आहे ते पाहिलं. यालाच ‘डिप’ घेणं म्हणतात. पट्टीच्या टोकाला एक मलम चोपडलं होतं. तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. मग अर्धा लिटरच्या काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन त्यात तरंगती काचेची कांडी सोडली, शेजारी थर्मामीटर धरला आणि आकडा १५ अंशांच्या हिशेबात बदलून रजिस्टरात लिहिला. डेपोच्या चलनावरची घनता आणि ही यांत घनमीटरमागे तीन किलोहून जास्त फरक निघाला तर गाडी उतरवून घ्यायची नाही. ही तपासणी तुम्हीआम्हीही मागू शकतो. मागताना कुणी दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

एवढी खबरदारी लागते, कारण पाइपातून बाहेर पडलेलं तेल माणसांच्या हाती येतं. पानेवाडीचं नाव महाराष्ट्राने धसका घेऊन ऐकलं ते २५ जानेवारी २०११ ला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाड-नांदगाव रस्त्याने जात असताना त्यांना एका ढाब्यापाशी भेसळीचा प्रकार चाललेला दिसला. ते मोबाइलवर चित्रण करू लागले आणि भेसळ करणाऱ्यांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळलं. दोन दिवसांनी राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम थांबवून निषेधाला उतरले. त्या काळ्या धंद्याचं मूळ दरातच होतं. रेशनचं निळं रॉकेल सरकारी सवलतीमुळे डिझेलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळायचं. गरिबाची चूल पेटावी म्हणून स्वस्त ठेवलेलं तेल टँकरमध्ये गेलं की लिटरमागे पंचवीसेक रुपये सुटायचे. इतका फरक जिथे असतो तिथे ओळखीसाठी निळा रंग घालून काय होणार!

आता अंतराचा हिशेब. पेट्रोल महाग म्हटलं की बातम्यांत परभणीचं नाव हमखास येतं. २०१८ च्या दरवाढीत आणि पुन्हा २०२१ मध्ये शंभरी ओलांडताना देशातल्या महाग शहरांच्या यादीत परभणी वरच होतं. तिथला माल येतो मनमाडहूनच, आपल्याच शहरावरून, सव्वातीनशे किलोमीटर चाकांवर. माझा आपला पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब असा: २० हजार लिटरचा टँकर, लिटरला चार किलोमीटर धावणारा. संभाजीनगरला जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर म्हणजे बासष्टेक लिटर डिझेल. ९० रुपयांनी साडेपाच हजार रुपये. ते २० हजार लिटरवर वाटले तर लिटरमागे २८ पैसे. परभणीला जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटर. लिटरमागे ७३ पैसे. चालकाचा पगार, टायर, विमा, टोल, मालकाचा नफा धरून हे आकडे दुप्पट करा: ५६ पैसे आणि १ रुपया ४६ पैसे. फरक ९० पैशांचा. पण गोष्ट इथे संपत नाही. राज्याचा मूल्यवर्धित कर टक्क्यांत असतो, पेट्रोलवर २५ टक्के, आणि तो वाहतूक खर्चासकट लागतो. म्हणजे रस्त्यावर वाढलेल्या रुपयावर सरकार आणखी चार आणे घेतं. ९० पैशांचे १ रुपया १२ पैसे होतात. परभणीकराला पाइप लांब असल्याची शिक्षा आणि त्या शिक्षेवर कर!

रुपया-सव्वा रुपया म्हणजे काय मोठं, असं वाटू शकतं. रिक्षावाल्याला ते दिवसाला पाच-सहा रुपये होतात. गावाकडून पहाटे मेथी-कोथिंबीर घेऊन येणाऱ्या छोट्या टेम्पोला, शाळेच्या व्हॅनला, दळणाच्या डब्यांपासून सिमेंटच्या गोण्यांपर्यंत सगळं वाहणाऱ्या गाडीला डिझेलचा फरक लागतो आणि तो सुटा दिसत नाही. जुडीच्या आणि फेरीच्या भावात विरघळून येतो.

पाइप आला की भाव पडतात का? हा वाद सगळ्यात मोठ्याने अमेरिकेत चालतो, कारण तिथे पेट्रोलचा दर हाच महागाईचा फलक असतो. चौकाचौकांत उंच खांबावर गॅलनचा भाव लावलेला असतो आणि निवडणुकीतला उमेदवार त्याखाली उभा राहून भाषण करतो. तेलाचा पहिला यशस्वी पाइपही तिकडचाच. १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल व्हॅन सिकेल नावाच्या व्यापाऱ्याने विहिरींपासून रेल्वेपर्यंत पाचेक मैलांचा, अवघा दोन इंची लोखंडी पाइप टाकला. तोवर तेलाची पिंपं घोडागाडीवाले चिखलातून ओढत आणि पिंपामागे तीन डॉलरपर्यंत उकळत. पाइपाने तेच काम एका डॉलरवर आणलं. गाडीवाल्यांनी रात्री येऊन पाइप उखडला, तोडला. शेवटी बंदूकधारी पहारा बसवावा लागला. वाहतूक स्वस्त होते ती कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन, हे तेव्हाही होतं.

आता उलटं उदाहरण. कॅनडातल्या अल्बर्टातून नेब्रास्कापर्यंत सुमारे १,९०० किलोमीटरची ‘कीस्टोन एक्सएल’ ही पाइपलाइन २००८ मध्ये प्रस्तावित झाली. ओबामांनी २०१५ मध्ये नाकारली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पुन्हा उठवली, बायडेन यांनी पदग्रहणाच्याच दिवशी, २० जानेवारी २०२१ ला, परवाना रद्द केला आणि जूनमध्ये कंपनीने नाद सोडला. मग पुढे पेट्रोल भडकलं की लोक म्हणायचे, ती पाइपलाइन असती तर ही वेळ आली नसती. तिची क्षमता होती रोज ८ लाख ३० हजार पिंपं. जग रोज साधारण १० कोटी पिंपं पितं. म्हणजे शंभरातला एक हिस्साही नाही. शिवाय ते तेल दुसऱ्या पाइपांनी आणि रेल्वेने येतच होतं. कच्च्या तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. एका पाइपाने तो हलेल अशी आशा धरणं म्हणजे आपल्या गल्लीत नवी भाजीची गाडी आली म्हणून लासलगावात कांदा उतरेल असं म्हणण्यासारखं आहे.

तरी पाइपाची खरी किंमत अमेरिकेला कळलीच, तीही त्याच वर्षी. टेक्सासमधल्या ह्यूस्टनपासून न्यू जर्सीतल्या लिंडेनपर्यंत ‘कलोनियल’ ही साडेआठ हजारांहून जास्त किलोमीटरची पाइपलाइन आहे. पूर्व किनाऱ्याचं ४५ टक्क्यांच्या आसपास इंधन तिच्यातून जातं. ७ मे २०२१ ला कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि कंपनीने खबरदारी म्हणून पाइपलाइनच बंद केली. सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मोजली. १२ तारखेच्या संध्याकाळी पाइप पुन्हा सुरू झाला, पण त्या पाच-सहा दिवसांत उत्तर कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनियातले पंप कोरडे पडले आणि देशाचा सरासरी दर २०१४ नंतर पहिल्यांदा गॅलनला तीन डॉलरवर गेला. लोक इतके बिथरले की ग्राहकसुरक्षेच्या सरकारी खात्याला जाहीर सांगावं लागलं: प्लास्टिकच्या पिशवीत पेट्रोल भरू नका. आमच्या पंपावरच्या बाटलीवाल्याला हे सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. जाता जाता एक: लिंडेनपासून जवळच एडिसन आहे, जिथे मराठी घरं पुष्कळ. त्या न्यू जर्सी राज्यात आजही कायद्याने ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायचं नसतं. आपल्यासारखाच पंपावरचा माणूस भरून देतो.

तिथला आणि इथला मोठा फरक कराचा आहे. अमेरिकेत केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून त्यात बदल नाही. राज्यांचा कर धरला तरी एकूण दरातला तो लहान हिस्सा. त्यामुळे कच्चं तेल चढलं की तिथला फलक त्याच आठवड्यात चढतो आणि उतरलं की उतरतो. जून २०२२ मध्ये तिथला सरासरी दर पाच डॉलरला टेकला तेव्हा देश हादरला. पावणेचार लिटरहून किंचित मोठा गॅलन आणि तेव्हाचा ७८ रुपयांचा डॉलर धरला तर तो लिटरला १०३ रुपये होतो. त्याच दिवसांत मुंबईत पेट्रोल १११ रुपये होतं. कमाईची तुलना वाचकांनीच करावी.

आपल्याकडे एप्रिल २०२५ च्या हिशेबाने लिटरमागे केंद्राचे २१ रुपये ९० पैसे. वर राज्याचे २५ टक्के आणि लिटरला ५ रुपये १२ पैसे. दोन्ही मिळून चाळीसहून जास्त. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलतात असं कागदावर आहे. प्रत्यक्षात पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, ते साडेचार महिने हलले नाहीत आणि निकाल लागल्यावर २२ मार्चपासून १६ दिवसांत १४ वेळा वाढून दहा रुपयांनी चढले. त्यानंतर उतरले ते मुख्यतः करकपातीने. कच्चं तेल स्वस्त झालं तेव्हा मात्र पंपावरचा आकडा महिनोन्‌महिने तसाच. अशा व्यवस्थेत पाइपाने वाचवलेले पैसे आपल्या खिशात येतील याची खात्री कोण देणार? ते कंपनीच्या ताळेबंदात जातात, नाहीतर तिजोरीत. माझं मत विचाराल तर पाइपलाइनकडे स्वस्ताईचं साधन म्हणून बघूच नये. ती विम्यासारखी आहे. रस्त्यावरचे टँकर, भेसळ, संप आणि अंतरावरचा कर यांतून जितके किलोमीटर ती सोडवेल तितकं बरं.

म्हणून आता शहरात येत असलेल्या दुसऱ्या पाइपाकडे मी याच नजरेने बघतो. २०१८ च्या लिलावात नगर आणि औरंगाबाद (आताचं संभाजीनगर) या दोन जिल्ह्यांत घरोघर नैसर्गिक वायू पोहोचवण्याचं काम भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीकडे गेलं, मार्च २०२२ मध्ये शहरात त्याचा आरंभ झाला आणि श्रीगोंद्याच्या बाजूने वाळूजकडे मोठी वाहिनी टाकली गेली. समृद्धी महामार्गाच्या कडेने ‘गेल’ या कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही वेगळी वायुवाहिनी जाते. आधीच पाण्यासाठी उकरलेल्या रस्त्यांत हे नवे चर पडल्यावर कॉलनीत काय बोललं जातं ते छापण्याजोगं नाही.

परवा शेजारच्या काकूंनी गच्चीवर पापड घालता घालता विचारलं, “गॅसची लाइन घ्यावी का रे? सिलिंडर परवडतं का ते परवडतं?” मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. घरी येणाऱ्या वायूचा दाब अगदी कमी, २१ मिलिबार. सिलिंडरमधला गॅस गळला तर जमिनीलगत साचतो, हा हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. खिडकी मात्र उघडी हवी. आणि हिशेबासाठी: १४.२ किलोच्या एका सिलिंडरची ऊर्जा म्हणजे साधारण १७-१८ घनमीटर वायू. तेव्हा घनमीटरचा जो दर सांगतील त्याला अठराने गुणा आणि सिलिंडरच्या पावतीशेजारी ठेवा.

काकूंनी हात पदराला पुसले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, “तो दर वाढला की किती दिवस आधी सांगतात?”

मी म्हणालो, बिल आल्यावर कळतं. काकू म्हणाल्या, “मग सिलिंडर एक राहू दे घरात,” आणि पापड उलटायला वळल्या.